छतावरची माती आणि अडलेलं पाणी

"गच्चीवर माती पसरून झुडपांचं हिरवं छत केलं तर शहराच्या पर्यावरणाला खरंच फायदा होतो, की ती नुसती शोभा?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: ऑक्सिजनची फार अपेक्षा धरू नका. वीतभर मातीतली झुडपं कार्बनही थोडाच साठवतात. खरं काम करतं ते मातीत अडलेलं पाणी.

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १० सेंटिमीटरचा चांगला थर कोरडा असेल तर चौरस मीटरमागे २० ते २५ लिटर धरतो. म्हणजे १०० चौरस मीटर गच्चीवर दोन हजार लिटर पाणी गटारात न जाता वरच थांबतं. झड लागली की थर भरतो, पुढचं पाणी वाहतं. पण रेंगाळत, त्यामुळे एकदम लोंढा येत नाही. नंतर ऊन पडलं की हेच पाणी पानांवाटे उडतं आणि लिटरमागे सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. उघडी काळी गच्ची भर उन्हात ६० अंशांपुढे तापते, ओला थर त्याहून कितीतरी गार राहतो. थर सुकला की हा गारवा संपतो. फक्त गारवाच हवा असेल तर पांढरा रंग स्वस्तात पडतो, पण तो पाणी अडवत नाही.

बिघडतं ते बहुधा मातीमुळे. बागेतली चिकणमाती ओली झाली की १० सेंटिमीटरलाच चौरस मीटरमागे १८० किलोच्या आसपास भरते. शिवाय तिचा गाळ खालच्या फिल्टरच्या कापडात बसून पाणी तुंबतं, मुळं कुजतात. त्याऐवजी विटांचा चुरा किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) ८० टक्के आणि कुजलेलं कंपोस्ट २० टक्के घ्या. कंपोस्ट वाढवलंत तर थर खचतो आणि खताचा अंश पावसाबरोबर नाल्यात जातो. मग पर्यावरणाचं नुकसानच.

ओल्या थराचं वजन स्लॅबला पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीत ४८ तास पाणी साठवून ठेवा. गळती आत्ताच सापडली पाहिजे, नंतर सगळं उपसावं लागतं. त्यावर मुळं अडवणारा पडदा, जादा पाणी वाहून नेणारं ड्रेनेज शीट, फिल्टरचं कापड, मग माती. पाणी जायच्या तोंडाभोवती आणि कठड्यालगत ३० सेंटिमीटर फक्त खडी ठेवा. तिथे पिंपळाचं रोप दिसलं तर बोटभर असतानाच मुळासकट उपटा.