अडीचशे जीबी रिकामे, पण सुटणार फक्त अकरा

डिस्कवर २५० जीबी जागा रिकामी असताना ड्राइव्ह आकसवून जागा मोकळी करणाऱ्या विंडोजच्या ‘श्रिंक व्हॉल्यूम’च्या चौकटीत ११,२६४ एमबी हा आकडा दिसला, तेव्हा शेवटचा एखादा अंक माझ्याच नजरेतून निसटला असावा असे मला वाटले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले, तरी आकडा तोच होता.

आमच्या मुद्रणालयातला हा संगणक २०११ सालचा. त्यात ३२० जीबीची एकच डिस्क (विंडोजच्या हिशेबाने २९८), तिच्यावर एकच सी ड्राइव्ह आणि त्यात विंडोज ७. त्याची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली, म्हणून त्याचे इंटरनेट मी तोडले; पण त्याला निरोप देणे शक्य नव्हते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल आणि पावतीपुस्तके पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर यूएसबीच्या कुलपावर याच यंत्रावर चालते. तेव्हा जुन्याला ९० जीबीत बसवायचे आणि उरलेल्या जागेत रोजच्या कामासाठी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली घालायची, असे ठरवले.

सफाईबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. कामाच्या ६२ जीबी फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवल्या, पॉवरसीएफजीच्या एका आज्ञेने हायबरनेशनची (संगणक गाढ झोपवताना स्मृती साठवणारी) ३ जीबीची फाइल घालवली, स्मृती अपुरी पडली की डिस्कवर तिची जागा घेणारी पेजफाइल तात्पुरती बंद केली आणि डिस्क क्लीनअपमधून जुन्या अद्यतनांच्या प्रती काढल्या. (ही सोय विंडोज ७ मध्ये ऑक्टोबर २०१३ च्या अद्यतनानंतर आली, ते बसवलेले नसेल तर हा पर्यायच दिसत नाही.) खरे घबाड विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये सापडले. तिथे ‘कॅब’ने सुरू होणाऱ्या नावांच्या फाइलींची रांग लागली होती आणि त्यांची बेरीज १९ जीबी होती. अद्यतनांची नोंदवही २ जीबीपेक्षा मोठी झाली की ती दाबून ठेवण्याचा प्रयत्न फसतो, अर्धवट फाइल तिथेच पडून राहते आणि थोड्या वेळाने तोच प्रयत्न पुन्हा होतो. मॉड्यूल्स इन्स्टॉलर ही सेवा थांबवून ती फुगलेली नोंदवही आणि या फाइली, दोन्ही पुसाव्या लागतात. नुसत्या फाइली पुसल्या तर रांग पुन्हा लागते.

एवढे करून वापरलेली जागा ४७ जीबीवर आली, आणि सुटायला तयार होती फक्त ११ जीबी.

चौकटीतच खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, जिथे न हलवता येणारी फाइल आहे, त्या जागेपलीकडे आकसता येत नाही. ती फाइल कोणती, हे मात्र तिथे लिहिलेले नसते. मी रात्रभर डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारे साधन, चालवले. सकाळी आकडा तसूभरही हलला नव्हता. दुसऱ्या रात्री पुन्हा चालवले, तरी तेच. गावातल्या दुरुस्तीवाल्याला विचारले तर तो म्हणाला, “ताई, कशाला डोकं लावता, फॉरमॅट मारून टाकू.” त्याच्यासाठी तो अर्ध्या तासाचा मामला होता, माझ्यासाठी वीस वर्षांचे काम पणाला लागले असते. पुढचे चार दिवस मी त्या चौकटीवर आणि स्वतःवर सारखीच चिडलेली होते.

उत्तर त्याच संगणकात पडलेले होते. आकसण्याचा प्रयत्न केला की विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘ॲप्लिकेशन’ विभागात २५९ क्रमांकाची नोंद होते आणि तिच्यात अडवणाऱ्या शेवटच्या फाइलीचे नाव असते. पहिल्या खेपेला सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या प्रती निघाल्या. सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून त्या पुसल्या, ६ जीबी सुटले आणि आकडा ३८ जीबीवर गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा २५९. या वेळी फाइलींमधल्या बदलांची टिपणे ठेवणारे यूएसएन जर्नल. एफएसयूटिलच्या आज्ञेने तेही काढले आणि आकडा ७४ वर पोहोचला. मला हवे होते २०८. तिसऱ्या नोंदीत एमएफटीचे नाव आले, म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीचा पत्ता सांगणारी सूचीच. तिचा एक तुकडा डिस्कच्या मध्यावर बसला होता आणि विंडोजचे हे साधन त्याला हात लावत नाही.

या टप्प्यावर विंडोजच्या आत राहून हातपाय मारण्यात अर्थ नाही, हे मला दोन दिवस आधीच समजायला हवे होते. जीपार्टेड हे डिस्कची विभागणी बदलणारे साधन पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्याच्यावरून सुरू केला, कारण विंडोज पूर्ण बंद असताना ती सूचीही हलवता येते. त्याआधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि डिस्कवरच्या चुका तपासणारे चेकडिस्क चालवले. या दोन गोष्टी कोणीही टाळू नयेत. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते म्हणून शुक्रवारची सकाळ निवडली आणि यूपीएसही जोडला. जीपार्टेड आधी नुसती रंगीत तालीम करते आणि ती निर्वेध पार पडली तरच खरोखर हलवायला घेते. टक्क्यांचा पट्टा ६२ वर वीस मिनिटे थांबला, तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला. पण मी काहीही दाबले नाही. दोन तास दहा मिनिटांनी सी ड्राइव्ह ९० जीबीचा झाला.

त्यानंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना आपणहून चेकडिस्क करते. तो निळा पडदा पाहून मी हादरले होते, पण ते अपेक्षितच असते; मध्येच बंद करू नये.

विंडोजच्या फोल्डरात ‘इन्स्टॉलर’ नावाचा एक लपलेला फोल्डर असतो आणि तो बराच फुगलेला दिसतो. तो पुसण्याचा मोह मला सफाईच्या वेळी झाला होता. पुसू नये, कारण पुढे एखादे सॉफ्टवेअर दुरुस्त करायचे किंवा काढायचे झाले की तिथल्याच फाइली लागतात.

आता उरलेल्या जागेत मिंट आहे. पेजफाइल परत चालू करायला मात्र मी साफ विसरले आणि आठवड्याने एका जाडजूड अहवालावर काम करताना स्मृती अपुरी असल्याची तक्रार पडद्यावर आली, तेव्हा ते आठवले. ज्या दिवशी बंद कराल त्याच दिवशी कागदावर लिहून पडद्याला चिकटवा.