क्रिप्टो कसिनो: परवाना हातात, बँक खातं मात्र नाही

ऑफशोअर क्रिप्टो गेमिंगमध्ये, म्हणजे परदेशी परवान्यावर क्रिप्टोने चालणाऱ्या ऑनलाइन जुगारात, उतरणारे बहुतेक जण आधी परवान्यामागे धावतात आणि बँकेचं नंतर बघू म्हणतात. हा क्रम उलटा हवा. परवाना देणारा विचारतो की खेळ कोण चालवतो आणि कसा चालवतो. बँकेला वेगळंच हवं असतं: पैसा कुणाचा, कुठल्या देशातून आला, मधे कुठे कुठे फिरला. एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाचंच बघा. तिथे 1993 च्या कायद्याखाली मोजक्या खासगी कंपन्यांकडे मास्टर लायसन्स म्हणजे मुख्य परवाना असायचा आणि त्या पुढे इतरांना सबलायसन्स म्हणजे उपपरवाने वाटायच्या. तुमच्यावर देखरेख कुणाची, असं बँकेने विचारलं की उत्तरात एका खासगी कंपनीचं नाव यायचं, आणि फाइल तिथेच अडकायची. डिसेंबर 2024 मध्ये एलओके हा जुगाराचा नवा कायदा लागू झाला. आता प्रत्येक ऑपरेटरला क्युरासाओ गेमिंग अथॉरिटीकडे थेट अर्ज करावा लागतो आणि खऱ्या मालकांची, त्यांच्या संपत्तीच्या स्रोताची कागदपत्रं द्यावी लागतात. जुन्या सबलायसन्सचा शिक्का साइटच्या तळाशी तसाच ठेवून खात्यासाठी अर्ज केला, तर नकार स्वतःहून मागून घेतल्यासारखं आहे.

कोस्टारिकात ऑनलाइन जुगाराचा परवाना असा नसतोच. कंपनी डेटा प्रोसेसिंगच्या नावाने चालते आणि तो कागद बँक परवाना म्हणून मोजत नाही. फिलिपिन्सने तर ऑफशोअर ऑपरेटरांचा पूर्ण उद्योगच 2024 च्या अखेरीस बंद केला. त्यामुळे एकाच देशाच्या कागदावर सगळा डोलारा उभा करणं मला धोक्याचं वाटतं.

आता बँकेकडे वळू. डॉलरचं खातं जवळपास विसराच. डॉलरची रक्कम सहसा अमेरिकेतल्या करस्पाँडंट (मध्यस्थ) बँकेतून जाते आणि तिथे 2006 पासून यूआयजीईए हा बेकायदा ऑनलाइन जुगाराचे पैसे रोखणारा कायदा आहे, त्यामुळे गेमिंगचा पैसा दिसला की त्या बँका हात आखडतात. म्हणून लोक युरोमध्ये ई-मनी संस्थेचं, म्हणजे बँक नसलेल्या पण पैसे पाठवण्या-घेण्याची परवानगी असलेल्या कंपनीचं, खातं काढतात. पण ती संस्था स्वतः कुठल्या तरी बँकेवर अवलंबून असते. मागच्या बँकेने गेमिंग नको म्हटलं की तुमचंही खातं जातं, तुमची काहीच चूक नसताना. दोन वेगळ्या संस्थांत खाती हवीत, आणि त्यांच्यामागची बँकही एकच नको.

कार्डाने पैसे घ्यायचे असतील तर मर्चंट कोड 7995, म्हणजे कार्ड व्यवहारांतला जुगाराचा क्रमांक, लागतो. काही जण तो टाळायला व्यवहार सॉफ्टवेअर विक्रीच्या कोडखाली दाखवतात. हे अजिबात करू नका. पकडलं गेलं की नाव मास्टरकार्डच्या मॅच यादीत, म्हणजे खाती बंद केलेल्या व्यापाऱ्यांच्या यादीत, पाच वर्षं राहतं आणि त्या काळात दुसरा प्रोसेसर उभं करत नाही. सरळ मार्गानेही रोलिंग रिझर्व्ह असतोच, म्हणजे प्रोसेसर प्रत्येक रकमेतला काही भाग ठरावीक काळ राखून ठेवतो. महिना 2 लाख युरोची उलाढाल, 10 टक्के राखीव, सहा महिन्यांची मुदत असं धरलं तर 1 लाख 20 हजार युरो कायम अडकलेले. धंद्याच्या हिशेबात ही रक्कम पहिल्या दिवसापासून धरा.

खरी परीक्षा क्रिप्टोचे युरो करताना होते. एकच डिपॉझिट घ्या. खेळाडूने ट्रॉन या ब्लॉकचेनवर यूएसडीटी (टेदर कंपनीचं, डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं) पाठवलं, ते त्याच्या डिपॉझिट पत्त्यावर आलं, तिथून स्वीप होऊन, म्हणजे मुख्य वॉलेटमध्ये ओढलं जाऊन, सगळ्यांच्या पैशात मिसळलं. त्यातली एखादी रक्कम निर्बंध असलेल्या वॉलेटची निघाली तर डाग त्या रकमेपुरता राहत नाही. एक्स्चेंजच्या तपासणीत तुमचं अख्खं हॉट वॉलेट (रोजच्या व्यवहारांचं ऑनलाइन वॉलेट) लाल दिसतं. वरून टेदर कंपनी एखाद्या पत्त्यावरचं यूएसडीटी कॉन्ट्रॅक्टमधूनच, म्हणजे ते नाणं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधूनच, गोठवू शकते. म्हणून तपासणी स्वीपच्या आधी व्हायला हवी. प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र पत्ता द्या, तपासणीचा जोखीम-स्कोअर येईपर्यंत रक्कम तिथेच ठेवा, संशयित रक्कम वेगळ्या वॉलेटमध्ये अडवा आणि कंप्लायन्स अधिकाऱ्याचा निर्णय होईपर्यंत खेळाडूलाही परत पाठवू नका. नोंदीत व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरची त्याची ओळख), खेळाडूचा आयडी, वेळ, त्या क्षणाचा दर आणि स्कोअर एकाच ओळीत हवेत. बँक सहा महिन्यांनी एखाद्या ट्रान्स्फरबद्दल विचारते तेव्हा हीच ओळ दाखवायची असते.

यात आणखी एक अडचण आहे. युरोपीय संघाच्या मायका या क्रिप्टो कायद्याचे स्टेबलकॉइनचे, म्हणजे यूएसडीटीसारख्या नाण्यांचे, नियम 30 जून 2024 पासून लागू झाले आणि युरोपातल्या अनेक एक्स्चेंजनी यूएसडीटीचं ट्रेडिंग तिथल्या ग्राहकांसाठी थांबवलं. खेळाडू मात्र यूएसडीटीच भरतात. म्हणजे मधे यूएसडीसी या दुसऱ्या डॉलर-नाण्यात बदलण्याची एक पायरी वाढली. तिचं शुल्क आणि नोंद दोन्ही वेगळी धरा.

परवाना एका कंपनीकडे आणि पेमेंट सायप्रसमधल्या उपकंपनीकडे अशी रचना नेहमीची आहे. ती चालते, पण कोण कुणाच्या वतीने पैसे घेतो आणि किती मोबदल्यात, हे लेखी करारात हवं. करार मोघम असेल तर उपकंपनीच विनापरवाना ऑपरेटर ठरते.

आणि बँका साइट स्वतः तपासतात. बंदी असलेल्या देशाच्या आयपीवरून त्यांचा माणूस नोंदणी करून बघतो. नोंदणी झाली, किंवा केवायसी न होता पैसे भरता आले, तर अर्जातली प्रतिबंधित देशांची यादी खोटी ठरते. म्हणून अर्ज करण्याआधी हीच चाचणी स्वतः करा: नोंदणी, डिपॉझिट आणि पैसे काढणं, तिन्ही टप्प्यांवर.