तुम्ही विचारलंत म्हणून: हिप्परग्याला परत कधी?

"ताई, हिप्परग्याच्या तलावावर परत कधी नेणार?" सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरून विचारतात, लग्नात हातात अक्षता असताना विचारतात. परवा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना विचारलं, तेव्हा निदान उत्तर न देण्याची सोय होती. एरवी मी "बघू" म्हणते. "बघू" म्हणत तीन वर्षं गेली.

सोलापुरातली पोरं नि त्यांचे आईबाप घेऊन मी काढते ती रविवारची फेरी चालूच आहे. वनविहार होतं, कंबर तलाव होतो, स्मृती उद्यान होतं, किल्ल्याच्या बाजूनं सिद्धेश्वराच्या तळ्याला वळसाही होतो. एक हिप्परगा तेवढा गळाला. का गळाला ते एकदा लिहूनच टाकते, म्हणजे दर पंगतीत सांगायला नको.

त्याआधी थोडं भांडून घेते. हिप्परगा विचारणाऱ्यांतले निम्मे वनविहारला फिरकत नाहीत. "तिथं काय, बाभळीच तर आहेत." हो, बाभळी आहेत, कडुनिंब आहेत, बोरी आहेत. आपल्याकडचं रान असंच असतं, महाबळेश्वर इथं कुठून आणू? गेल्या महिन्यात एक चिमुरडी वाटेच्या कडेला अर्धा तास उकिडवी बसून होती. मऊ फुफाट्यात नरसाळ्यासारखे इवलेसे खड्डे होते आणि तळाशी एक किडा मातीत दडून बसलेला. मुंगी काठावरून घसरली की तो खालून माती उडवतो आणि मुंगी पुन्हा तळाशी. मोर ओरडत होता, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. तिची आई मात्र तीनदा म्हणाली, "चल ना, पुढं काहीतरी बघू."

आणि माळढोक दाखवा म्हणणाऱ्यांना तर हात जोडते. नान्नजचं अभयारण्य 1979चं. तेव्हा कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, आता 1,222च्या आसपास उरलंय, आणि पक्षी त्याहून वेगानं गेला. मी इतक्या वेळा गेले, मला काळवीट दिसले, माळढोक नाही. पोरांना "दिसेल हं" असं खोटं सांगून नेणार नाही.

तर हिप्परगा.

खरं तर हे वेड मीच लावलं. सोलापुरात काही नाही म्हणणाऱ्यांवर माझा राग होता. तेव्हाच्या माझ्या निरोपात मी लिहिलं होतं, "पेव्हर ब्लॉकवर गोल गोल फिरणं म्हणजे चालणं नव्हे. पायाला माती लागली पाहिजे." ते वाक्य आजही कुणी ना कुणी मला ऐकवतं. हिप्परगा म्हणजे एकरुखचा तलाव, अडिला नदीवर बांध घालून इंग्रजांनी केलेला, 1871 साली पुरा झालेला. मी भूगोल शिकवते, त्यामुळे बांधावर उभं राहिलं की माझं तोंड सुरू होतं. हिवाळ्यात चक्रवाक येतात, उथळ पाण्यात शेकाटे लाल पायांनी उभे असतात. पाणी मागं सरतं तसा काठ उघडा पडत जातो आणि पोरांना तो काठ म्हणजे मैदान वाटतो.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. आम्ही नऊ कुटुंबं होतो. बांधाकडून न जाता पलीकडच्या अंगानं उतरलो, तिथून पक्षी जवळ दिसतात म्हणून. न्याहारीसाठी चादरी अंथरल्या, कडक भाकरी नि शेंगाचटणीचे डबे उघडले. गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि मी शिकवायला लागले. काळी माती ओली असताना फुगते, वाळताना आकसते, म्हणून अशी तडकते. वरचा वाळलेला थर जितका जाड, तितके तुकडे मोठे. "बघा, इथं कसे ताटाएवढे तुकडे आहेत."

हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पुढं, पाण्याकडं, तेच तुकडे बशीएवढे झाले होते, आणि त्याही पुढं पापडाएवढे. डोळ्यांना दिसत होतं. डोक्यात शिरलं नाही.

दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "मावशी, पुढं जाऊ?" मी म्हणाले, "जा की, कडक आहे. सिमेंटसारखं."

बरेच दिवस मी लोकांना "तो पळाला" असं सांगत होते. तो पळाला नाही. विचारून गेला.

वीसेक पावलांवर त्याचा एक पाय गेला, तो काढायला त्यानं दुसऱ्यावर भार दिला आणि तोही गेला. आधी हसला. गुडघ्याच्या वर काळा चिखल आला तसं हसू थांबलं. सडक्या शेवाळाचा वास मला काठावर आला. त्याचे वडील धावले आणि चार पावलांत स्वतःच नडगीपर्यंत रुतले, कसेबसे मागं आले. मग आम्ही मोठी माणसं ओरडायला लागलो, सगळी एकदम, प्रत्येकाचं वेगळं. मांड्यांपर्यंत गेल्यावर पोरगं ओरडायचं थांबलं, ते मला जास्त भीतीचं वाटलं. एकानं फोन काढून कुणाला तरी पत्ता सांगायला सुरुवात केली. पत्ता काय सांगणार? तलाव, एवढाच पत्ता.

म्हशी राखणारा एक म्हातारा वरच्या अंगाला होता. तो धावला नाही, चालतच आला. "हात धरून ओढू नका वं, खांदा उखडंल त्याचा," म्हणाला. चादरींवरचे डबे त्यानं पायानंच बाजूला सारले आणि आमची भली जाड सोलापुरी चादर चिखलावर फेकली, तिच्यापुढं दुसरी, पुढं तिसरी. मग तिच्यावर पोटावर पडून सरपटत गेला. मुलाला म्हणाला, "बसू नगंस, माझ्याकडं आडवा पड. आता एक पाय हलीव. घंटा हलती तसा." पाय हलला की बाजूनं पाणी आत शिरायचं आणि चिखल जरासा सैल व्हायचा. आधी एक पाय, मग दुसरा. पंधरा मिनिटं लागली असतील, घड्याळ कुणी बघितलं नाही. पोरगं बाहेर आलं तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

म्हाताऱ्यानं तोंड धुतलं आणि मला, का कोण जाणे नेमकं मलाच, विचारलं, "म्हसरंबी तिकडं जात न्हाईत. दिसलं न्हाई का?" चादरीचे पैसे नको म्हणाला. चादरी आमच्याच होत्या, हे मला घरी आल्यावर आठवलं. मी इतकी गांगरले होते की आमच्याच चादरीचे पैसे त्याला देऊ करत होते.

मुलाच्या आईनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू द्या ताई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत." नंतर ते कुटुंब फेरीला आलं नाही. मी दोनदा घरी गेले, दोन्ही वेळा चहा मिळाला, विषय निघाला नाही.

आता तुमचे युक्तिवाद, ते मला पाठ आहेत. "अहो, पोरं पडतातच." पडतात. झाडावरून पडला असता तर मीही हेच म्हणाले असते. "बांधाबांधानं जाऊ, खाली उतरायचंच नाही." हे बरोबर आहे आणि याला माझ्याकडं धड उत्तर नाही. बांधावरून चालणं सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती चालण्याइतकंच साधं आहे. पण वरून शेकाटे दिसले की पोरं विचारणार, "खाली जाऊ?" आणि मी काय म्हणेन याची मला खात्री नाही. "नको" म्हणेन, तर का म्हणाले, गाळ बघून की घाबरून, हे मला स्वतःला कळायला हवं.

दुसरीकडं, मी आता कंबर तलावाच्या काठानं, त्याच पेव्हर ब्लॉकवरून पोरांना नेते. जलपर्णी दाखवते आणि "काठापासून लांब" म्हणते. दर दहा पावलांवर म्हणते. परवा एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही आमच्या बाईंसारखं बोलता." मी त्यांची बाईच आहे, पण रविवारी नसावी अशी तिची अपेक्षा होती आणि ती बरोबर होती. आजीचं बोट धरून मी सिद्धेश्वराच्या जत्रेत, येण्णीमज्जनाच्या दिवशी अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर नंदीध्वजांमागं अनवाणी चालले आहे, एवढ्या गर्दीत. आजीनं एकदाही "लांब" म्हटलं नाही. मग मनात येतं, आजीनं कधी वाळल्या गाळावर नेलं नव्हतं. मग येतं, नेलं असतं तर तिनं आधी काठी टोचून बघितली असती. इथून पुढं माझा हिशेब लागत नाही.

तो मुलगा आता पाचवीत आहे. मधल्या सुट्टीत भेटतो. एकदा म्हणाला, "मावशी, माझी चप्पल अजून तिथंच असेल का?" मी म्हणाले, गाळात हवा पोचत नाही, वस्तू लवकर कुजत नाही, शिवाय ती रबराची होती, असेल. पुन्हा शिकवलंच. तो म्हणाला, "मग पाणी कमी झालं की बघू." त्याचं "बघू" माझ्यासारखं नव्हतं.

या रविवारी वनविहार, सकाळी सव्वासहा. ऊन लवकर चढतंय, पाणी जास्त आणा. आणि पोरांना बूट घाला, चपला नकोत.