घरजावयाचं घर

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष घरजावई असू शकतो हे पटकन पचनी पडत नाही. हॅरी ट्रुमन मात्र तब्बल 33 वर्षं घरजावई होते. 1919 साली बेसशी लग्न झालं आणि ते मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी तिच्या आजोळच्या दुमजली लाकडी घरात राहायला आले. शेतातून उठून आलेला हा जावई सासूबाईंना बेताचाच वाटे. 1952 च्या डिसेंबरात त्या वारल्या, त्याही जावयाकडेच, म्हणजे व्हाइट हाउसमध्ये. मग बेसच्या भावांचे हिस्से विकत घेतले आणि घर एकदाचं दोघांच्या नावावर झालं. ट्रुमन तेव्हा 68 वर्षांचे होते.

घर बघायचं तर थेट फाटकाशी जाऊन उपयोग नाही. आधी नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या केंद्रात वेळ घ्यावी लागते, आणि एका खेपेला जेमतेम 8 माणसं आत सोडतात. खोल्या अरुंद, त्यात जुने गालिचे. अशा घरांची वाट लावतात ती पावलं, धूळ आणि ऊन. फाटकाबाहेरचं लोखंडी कुंपण 1949 सालचं. आठवण म्हणून घराचे तुकडे नेणारे हौशी तेव्हाही होतेच. माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी सल्ला दिला आणि कुंपण उभं राहिलं.

आत गेल्यावर बोळातल्या खुंटीवर ट्रुमन यांचा कोट आणि हॅट दिसते. सगळे तिथेच घुटमळतात. खरं बघायचं ते स्वयंपाकघरात. जमिनीवरचं लिनोलियम, म्हणजे फरशीवर अंथरायचं आवरण, झिजून उचकटलं, तर नवं न अंथरता चक्क चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून बसवलेलं आहे. बेस 1982 साली गेल्या, घर देशाच्या नावे करून. 1984 पासून ते लोकांना खुलं झालं, आणि त्या चुका आजही तिथेच आहेत. जतन करणाऱ्यांची पंचाईत अशी, की फरशी नीटनेटकी केली तर ट्रुमन यांचा काटकसरी संसारच पुसला जाईल, आणि नाही केली तर ती आणखी फाटेल. म्हणून ठिगळाला ठिगळ म्हणूनच सांभाळायचं. नव्या फरशीपेक्षा हे काम जिकिरीचं.

वरचा मजला बघायला मिळेल या आशेवर जाऊ नये. मुलगी मार्गारेट हयात असेपर्यंत तो बंद ठेवावा अशी बेस यांची इच्छा होती. मार्गारेट 2008 साली गेल्या, पण जिना अजून बंदच आहे.

हाताशी वेळ असला तर मिसुरीतल्याच लमार गावचं ट्रुमन यांचं जन्मघर बघावं, पण फार अपेक्षा ठेवू नये. हॅरी 11 महिन्यांचे असतानाच कुटुंबाने ते सोडलं. आतलं सामान त्या काळचं आहे, ट्रुमनांचं नव्हे. त्यापेक्षा मिसुरीतल्याच ग्रँडव्ह्यूचं शेतघर गाठावं. इथे त्यांनी 1906 पासून दहाएक वर्षं नांगर धरला. तेव्हा जमीन होती सुमारे 600 एकर. आज घराभोवती त्यातली थोडीशीच उरली आहे आणि शेजारी दुकानांचा बाजार आहे. त्या बाजारासाठी जमीन विकली ती खुद्द ट्रुमन कुटुंबानेच.