दिवाणखान्यातली मधुबाला

आमच्या लहानपणी भिंतीवरच्या फ्रेममध्ये दोघांनाच प्रवेश होता: देवांना आणि गेलेल्या माणसांना. देवांना उदबत्ती, गेलेल्यांना चंदनाचा हार. सिनेनटीची जागा सलूनमध्ये, फार तर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, तीही आजीची नजर चुकवून. आता कुठल्याही नव्या फ्लॅटमध्ये जा, सोफ्याच्या वर बारीक काळ्या चौकटीत मधुबाला हसत असते. आजोबांची तसबीर कुठे गेली म्हणून विचारलं, तर ‘स्कॅन करून ठेवलीय ना’.

ही बढती तिला कृष्णधवल असल्यामुळे मिळाली, असं माझं स्पष्ट मत आहे. तोच चेहरा कॅलेंडरच्या भडक रंगांत टांगून बघा, पाहुणे काय म्हणतील ते. रंग गेला की नटीची एकदम अभिरुची होते.

अर्थात फोटो आहेतच तसे. 1951 साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या जेम्स बर्कने तिचे फोटो काढले तेव्हा ती जेमतेम 18 वर्षांची होती. इकडे दादरला फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्करांच्या ‘इंडिया फोटो स्टुडिओ’त त्या काळचे बहुतेक तारे बसून गेले. या फोटोंमधली खरी करामत उजेडाची. एक दिवा समोरून, पण उंचावर. त्यामुळे गालफडं उठून दिसतात आणि नाकाखाली इवलीशी सावली पडते. दुसरा दिवा मागून, म्हणून केसांच्या कडा उजळतात. उरलेलं काम टोकदार पेन्सिलीचं. ती थेट निगेटिव्हवर फिरायची, डोळ्यांखालचं काळं आणि कपाळावरच्या रेघा गायब करत. हॉलिवूडमध्ये जॉर्ज हरेलने जोन क्रॉफर्डला मेकअपशिवाय बसवून काढलेला फोटो आहे. मूळ प्रतीत चेहराभर वांग, रिटच केलेल्या प्रतीत औषधालाही नाही. आणि हीच मंडळी भिंतीवर लावणारे आपण भाचीच्या फिल्टर लावलेल्या सेल्फीला नाकं मुरडतो!

माझी तक्रार वेगळीच आहे. सगळ्यांच्या घरी मधुबालाच का? तेही बऱ्याचदा नेटवरून उतरवलेली, ताणून मोठी केलेली, गाल प्लास्टर ऑफ पॅरिसचे झालेली. आमच्या ललिताबाई पवारांना कुणी फ्रेम करत नाही. त्यांना भिंतीवर लावलं तर घरातल्या सुना नोकरीवरून उशिरा येतील.

मला स्वतःला लावायचा आहे तो दुर्गा खोट्यांचा फोटो. 1932 चा ‘मायामच्छिंद्र’, प्रभातचा. स्त्रीराज्याच्या राणीच्या वेषातल्या दुर्गाबाई आणि सोबत चित्ता. खोटा नव्हे, जिवंत. दोघांपैकी जास्त निवांत कोण, ते ठरवणं अवघड आहे. प्रिंट मिळाली, पण फ्रेमवाल्याने काचेखाली धरून विचारलं, “काका, हा कुत्रा कापून बाईंचाच क्लोजअप करू का?” चित्त्यासकट करायला सांगितली.

फ्रेम घरी आली. मोकळी भिंत एकच होती, सोफ्यामागची. मी खिळा ठोकायला स्टुलावर चढलो तर स्वयंपाकघरातून आई आली.

“ती दक्षिण आहे. तिथे फक्त पितर लागतात.”

“अगं, या दुर्गाबाई खोटे. 1991 ला गेल्या.”

आईने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. “त्या गेल्या,” ती म्हणाली, “पण आपल्या कुठे होत्या?”


खिळा अजून खिशातच आहे.