माहेरची कागदं, सासरची मतं: ग्रामपंचायत निवडणुकीचा माझा अनुभव

जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या आमच्या गावातून उभी राहिले. घरात याआधी कुणी सोसायटीचं पदसुद्धा घेतलेलं नव्हतं. जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग म्हणजे ओबीसी, स्त्री. पुढच्या निवडणुकीला उभं राहू का, असं बऱ्याच जणी विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मतं मागायची मला धास्ती होती, पण ते काम जमलं. अर्जासोबत जोडायच्या एका पावतीनं मात्र जीव काढला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाकीची कागदं पटापट झाली. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, अपत्यांचं आणि मालमत्तेचं घोषणापत्र, खर्चासाठी बँकेत नवीन खातं. 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास असल्याचा पुरावाही लागतो. माझा जन्म त्याआधीचा.

अडलं ते जात पडताळणीत. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर आमच्या वेळी निदान पडताळणी समितीकडे प्रस्ताव दाखल केल्याची पावती आणि सोबत हमीपत्र चालत होतं. आता बाईची जात धरतात माहेरची. म्हणजे कागद माहेरचे, दाखला माहेरच्या जिल्ह्यातला, समितीही तिकडचीच. मतदार यादीत नाव मात्र सासरचं. उमेदवार पुरुष असेल तर बहुतेक वेळा सगळं एकाच जिल्ह्यात उरकतं. बाईचं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिला जिल्हा ओलांडावा लागतो, तोही निवडणूक जाहीर झाल्यावर, जेव्हा एकेक दिवस मोलाचा असतो.

ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा जातीचा पुरावा मागतात. वडिलांचा शाळेचा दाखला चालला असता, पण त्यावर जातीचा रकाना कोराच होता. मग आजोबांची जन्मनोंद शोधायची. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीत सापडली, पण मोडी लिपीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी भावानं शोधून काढले, त्यांनी एका बैठकीत लिप्यंतर करून दिलं आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. वंशावळीचं शपथपत्र केलं, ऑनलाइन अर्ज भरला, प्रिंट काढली आणि समितीच्या कार्यालयात गेले.

रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आलेली. कडेवर पोर घेतलेल्या बायका, डबा घेऊन आलेले म्हातारे बाप. दुपारी माझा नंबर लागला. खिडकीतल्या माणसानं फाइल चाळली आणि म्हणाला, "जातीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. या दोन बाया एकच कशावरून?" विवाह नोंदणीचा दाखला जोडला होता, तो त्याला पुरला नाही. नावबदल छापलेलं सरकारी राजपत्र आणा म्हणाला. राजपत्रात नाव छापून यायला वेळ लागतो, अर्जाची मुदत तोंडावर आलेली. शेजारच्या खिडकीत विचारलं तर तिथले साहेब म्हणाले, शपथपत्र चालेल. ते करून आणलं तोवर पहिल्या खिडकीवर दुसराच माणूस, आणि तो म्हणतो वेळ संपली. दोन खिडक्यांचे नियम वेगळे कसे, हे मी तिथं मोठ्यानं विचारलं. उत्तर मिळालं नाही.

वर 25 ते 27 डिसेंबर सलग सुट्टी. नाताळ, शनिवार, रविवार. अर्जाची शेवटची तारीख 30. गावात विरोधी पॅनेलचे लोक घरोघर फिरत होते आणि मी माहेरच्या ओट्यावर झेरॉक्स मोजत बसले होते. सोमवारी पहाटेच रांगेत उभी राहिले. तेच शपथपत्र, तीच फाइल, या वेळी कुणी काही न विचारता घेतली आणि शिक्का मारून पावती दिली. मग आधी का नाही? एवढ्या एका प्रश्नापायी माझ्या रांगेतल्या किती जणींनी नाद सोडला असेल!

तिकडे उमेदवारी अर्ज भरायची वेबसाइट चालेना. शेवटी राज्य निवडणूक आयोगानं कागदी अर्ज स्वीकारायला परवानगी दिली आणि 30 तारखेला संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ वाढवला. माझा अर्ज त्यातच गेला. छाननीत वैध ठरला तेव्हा मी तहसीलच्या आवारातच बसून रडले.

माघारीची तारीख 4 जानेवारी, मतदान 15 ला. हातात दिवस थोडे. मी काय केलं ते सांगते. बायकांच्या घरी भर दुपारी जाऊ नका, त्या रानात असतात. दिवेलागणीनंतर जा, चुलीपाशी बसा. भावकीतल्या थोरल्या आत्याबाईंना आधी भेटा, नाहीतर त्या मनाला लावून घेतात. मला पहिला प्रश्न सगळीकडे एकच: "तू तर बाहेरची, आमचं काय बघणार?" मी फोनवर ई-ग्रामस्वराज, म्हणजे पंचायतींच्या हिशेबाची सरकारी वेबसाइट, उघडून आमच्या ग्रामपंचायतीचा खर्च वाचून दाखवायचे. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा तेव्हा थेट पंचायतीच्या खात्यात येत होता, त्यातला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरावा लागत होता, हे बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं. एका काकी म्हणाल्या, "मग आमच्या टाकीला झाकण का न्हाई?" पुढच्या प्रत्येक घरात मी तोच प्रश्न घेऊन गेले. शाळेला इमारत आणते, एसटी सुरू करते, असलं पंचायतीच्या हाताबाहेरचं मी काही बोलले नाही.

मुंबईला असलेल्यांना विसरू नका. माथाडीत असलेले आमचे कितीतरी मतदार आदल्या रात्री गाडीनं येतात. मी एकेकाला स्वतः फोन केला.

आणि बटणं शिकवा. प्रभागात तीन जागा असतील तर तीन मतं द्यायची असतात. पुष्कळ आज्या एक बटण दाबून बाहेर यायला निघतात. मी पुठ्ठ्यावर यंत्र काढून दाखवलं होतं.

मी निवडून आले. ज्यांनी "बाहेरची" म्हटलं होतं, त्यांच्याच वस्तीनं मला पुढं काढलं, याचा मला अभिमान आहे. टाकीला झाकण पहिल्या वर्षातच बसलं.

वैधता प्रमाणपत्राचा पाठपुरावा निकालानंतर सोडू नका. मुदतीत ते दिलं नाही तर निवडून आलेलं पद जातं. खर्चाचा हिशेबही निकालापासून 30 दिवसांत द्यावा लागतो, हरलेल्यांनीसुद्धा. आणि ज्यांना पुढच्या वेळी उभं राहायचंय त्यांनी आजोबांची नोंद याच महिन्यात काढून ठेवा, राजपत्रात नावही आत्ताच छापून घ्या. मोडी वाचणारं कुणी मिळत नसेल तर मला विचारा, गुरुजींना मी सांगते.