‘चालू आहे’ म्हणून चालत नाही

घर रिकामं करताना निघालेलं सामान दान करायला मला तीन खेपा कराव्या लागल्या. कपडे, भांडी, पुस्तकं पहिल्याच खेपेत वीस मिनिटांत आत गेली. उरलेल्या दोन खेपा एकट्या कूलरच्या, आणि दर वेळी छोट्या हत्तीचं भाडं खिशातून.

सामान नेलं ते दुकान छत्रपती संभाजीनगरातल्या एका संस्थेचं आहे. लोकांनी दिलेलं वापरलेलं सामान तिथं स्वस्तात विकतात आणि त्या पैशातून संस्थेचं काम चालतं. मेख इथंच आहे. आपल्या डोक्यात ‘गरजूला देतोय’ असतं, काउंटरवरच्या ताई मात्र एकच बघतात: हे उद्या विकलं जाईल का? त्यांच्याकडं दुरुस्तीला माणूस नाही आणि साठवायला जागा नाही. हे आधी कळलं तर निम्मं सामान आपण घरीच बाजूला काढतो.

आता कूलर. लोखंडी पत्र्याचा, मोठ्या टाकीचा. फोनवर ‘आणा’ म्हणाले म्हणून दिवाळीआधी पहिल्याच खेपेत नेला. दारातच उत्तर मिळालं, ‘होळीनंतर आणा.’ त्यांचंही खरं होतं. आपल्याकडं कूलरला गिऱ्हाईक लागतं ते गुढीपाडव्यापासून पहिल्या पावसापर्यंत. बाकीचे आठ-नऊ महिने तो चार माणसांची जागा अडवतो. मग फोनवरच सांगायला काय झालं होतं?

मार्चमध्ये परत नेला. फॉर्मवर ‘चालू / बंद’ असा रकाना असतो, मी ‘चालू’वर खूण केली. पंखा फिरत होता, मोटर पाणी ओढत होती. तिथं सामान तपासायला येणाऱ्या वायरमननं बटणाला हातसुद्धा लावला नाही. प्लग उचलून बघितला आणि म्हणाला, ‘टू-पिन आहे, चालणार नाही.’ हा प्लग दिवाळीआधीही त्याच वायरला होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. तेव्हाच बोलले असते तर एक खेप वाचली असती. हा राग माझा अजून गेलेला नाही.

पण प्लगबद्दल तो बरोबरच होता. घरात तीन भोकांचा बोर्ड नसला की लोक थ्री-पिन काढून टू-पिन बसवतात आणि हिरवी वायर कापून टाकतात. ती हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. कूलरमध्ये पाणी, पत्रा आणि ओला हात एकाच जागी येतात. ओलीनं मोटरचं वायंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तार, खराब झालं की करंट थेट पत्र्यात उतरतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर कूलरला टेकलेल्या लेकराच्या अंगातून.

दुरुस्ती तासाभराची आहे. तीन तारांची वायर आणि सहा अँपिअरचा थ्री-पिन प्लग आणा. हिरवी तार पत्र्याला स्क्रूनं आवळायची, पण त्याआधी तेवढ्या जागेचा रंग कानशीनं घासून पत्रा उघडा करायचा. रंगावरून करंट जात नाही, त्यामुळं नुसता स्क्रू मारून उपयोग नसतो. मग प्लग बोर्डात न लावता मल्टिमीटर, म्हणजे तारांची जोड तपासायचं यंत्र, धरा: प्लगची मोठी पिन आणि पत्रा यांच्यात एका ओहमपेक्षा कमी दाखवलं पाहिजे. बाकीच्या दोन पिना आणि पत्रा यांच्यात, कूलरची बटणं चालू ठेवूनसुद्धा, जोड अजिबात दिसता कामा नये. दिसला तर मोटर बदलायची किंवा कूलर भंगारात घालायचा.

त्याच बैठकीत टाकीचे कोपरे बघून घ्या. गंज खरवडून आतून डांबरी रंगाचे दोन हात द्या आणि दोन दिवस वाळू द्या. पाण्याची मोटर बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं जाम होते. ती उघडून आतला पंखा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवला की मोकळा होतो. ती कोरडी चालवून दाखवू नका, जळते. बाजूच्या ताट्यांमधलं जुनं गवत काढून टाका, त्याचा कुबट वास गिऱ्हाईक पळवतो. आणखी एक, वायरमन फक्त शनिवारी येतो. तिसऱ्या खेपेला मी शनिवारच धरला आणि दहा मिनिटांत पावती घेऊन बाहेर पडलो. चढवताना आणि उतरवताना टाकी रिकामी आहे ना ते बघा, आमच्या कूलरचा तळ पाण्याच्या वजनानंच वाकला होता.

मिक्सर परत येतो तो बहुतेक कपलरपायी. भांड्याखालचं ते दातेरी रबर झिजलेलं असतं. कुकर रबर आणि शिट्टीसकट द्या, झाकण त्याच कुकरचं असू द्या. खरचटलेला नॉनस्टिक तवा नेऊच नका. मोबाइलमधून आधी आपलं खातं काढा, मगच रीसेट मारा. उलट केलं तर घेणाऱ्याला तो उघडेलच असं नाही.

पितळेची घागर, परात असलं जड सामान तिथं देऊ नये असं माझं मत आहे. मोडीत घाला आणि आलेले पैसे संस्थेला द्या. वस्तू दिली तर देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (80जी) मिळत नाही. पैशांवर मिळते, तीही संस्थेला त्या सवलतीची मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तरच. रोख 2000 रुपयांच्या वर दिले तर तीही नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा यूपीआयनं.

स्वेटर, चादरी, हलकी भांडी द्यायची असतील तर दसऱ्याच्या आधी द्या. बीडकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तेव्हा निघण्याच्या तयारीत असतात, हे सामान दुकानात टिकत नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं बाराही महिने जातात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची मात्र 2024 चा अभ्यासक्रम बदलण्याआधीची असतील तर रद्दीतच. फाटक्या सुती साड्या दुकान घेत नाही. त्या वाकळ शिवणाऱ्या बाईला द्या, ती आनंदानं नेते.

गादी कुणीच घेत नाही. फोमची असेल तर विषय संपला. कापसाची असेल तर पिंजाऱ्याकडून पिंजून, नवी खोळ घालून तिच्या दोन लहान गाद्या करून घ्या. तशा मी नेल्या, तर काउंटरवरच्या ताईंनी फॉर्मसुद्धा भरायला लावला नाही.